कानांवरच्या बंद वाट्या

मेहरूणच्या तलावाकाठी पहाटे फिरावयास येणाऱ्या मंडळींत अलीकडे एक नवा वेष दिसू लागला आहे. पायांत कापडी जोडे, हातात पाण्याची बाटली, आणि डोक्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेलेली पट्टी व तिच्या टोकांना दोन काळ्या वाट्या. ह्या वाट्या कान अशा झाकून टाकतात की, तलावावरच्या पाणपाखरांचा कलकलाट, महामार्गावरून धुळ्याकडे जाणाऱ्या मालमोटारींची घरघर किंवा मागून येणाऱ्या सायकलची घंटा ह्यांपैकी फारसे काही आत जाऊ नये. ह्या वस्तूला सर्वजण हेडफोन म्हणतात. त्यात पुन्हा दोन जाती आहेत. एकीच्या वाट्यांना मागून जाळी असते, तिच्यातून वारा व आवाज दोन्ही ये-जा करतात. दुसरीच्या वाट्या मागून बंद असतात. आजचा विषय ही दुसरी जात होय.

असा हेडफोन विकत घेणाऱ्याला विचारले तर तो बहुधा सांगेल की, गाणे मोठ्याने ऐकता यावे आणि घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून तो घेतला. हे उत्तर खोटे नाही; परंतु ह्या वाट्यांचा इतिहास पाहिला म्हणजे त्यांचा जन्म मोठ्याने ऐकण्यासाठी झालेला नसून अगदी हळू आवाज ऐकू यावा म्हणून झाला, असे आढळते. हा फरक वरवर लहान दिसतो. परंतु आज ज्यांच्या घरी अशी वस्तू यावयाची आहे त्यांनी तो ध्यानी घेतला नाही, तर पैसे जातील ते जातीलच, त्याबरोबर कानही जाण्याचा संभव आहे.

प्रारंभी ह्या यंत्राचा संगीताशी संबंध थोडा होता. १८८१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात क्लेमां आदेर ह्याने नाटकगृहातील गाणे तारेवरून दूर नेऊन दाखविले. ऐकणाऱ्याने दोन्ही हातांत एकेक श्रवणी धरून ती कानांशी लावावयाची, अशी ती योजना होती. त्याच सुमारास अमेरिकेत टेलिफोनच्या कचेरीत काम करणाऱ्यांचे हात मोकळे राहावेत म्हणून एझ्रा गिलिलँड ह्याने खांद्यावर टेकवावयाचे एक जोखड तयार केले. त्यात श्रवणी एकाच कानाला होती आणि सर्व साहित्याचे वजन दहा पौंडांहून अधिक भरे. दिवसभर ते खांद्यावर वागविणाऱ्यांनी त्याच्या कर्त्याविषयी काय उद्गार काढले असतील, त्याची कल्पना करावी.

खरी गरज निर्माण झाली ती बिनतारी संदेशामुळे. समुद्रावरच्या जहाजाकडे शेकडो मैलांवरून येणारा संदेश यंत्रात पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असे की, तो वाढविण्याचे साधनच त्या काळी हाती नव्हते. आवाज वाढविणाऱ्या निर्वात नळ्या पुढे आल्या. तोपर्यंत उपाय एकच होता. येणारा आवाज मोठा करता येत नसेल, तर भोवतालचा आवाज कमी करावयाचा. जहाजाची यंत्रे धडधडत असता, वर वारा सुटलेला असता, कानावर घट्ट बसलेली वाटी हाच त्या काळचा ध्वनिवर्धक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

ही वाटी ज्याच्या हातून सुधारली तो नथॅनिएल बाल्डविन हा अमेरिकेतील यूटा प्रांताचा रहिवासी. सॉल्ट लेक येथील मोठ्या प्रार्थनामंदिरात धर्मोपदेश नीट ऐकू येत नसे, त्या अडचणीतून तो ध्वनीच्या यंत्रांकडे वळला, असे सांगतात. १९१० साली त्याने आपल्या श्रवणीचा एक जोड अमेरिकन आरमाराकडे परीक्षेसाठी पाठविला. आरमारातील अधिकाऱ्यांनी तो लावून पाहिला, तेव्हा प्रचारातील इतर यंत्रांपेक्षा तो कितीतरी अधिक संवेदनशील असल्याचे त्यांना दिसून आले. त्यांनी मागणी नोंदविली. परंतु बाल्डविनचा कारखाना म्हणजे त्याच्या घरातील स्वयंपाकघर! एका वेळी दहाच जोड तयार होतील, असे त्याला कळवावे लागले. पुढे त्याचा खरा कारखाना उभा राहिला, महायुद्धात भरभराटीला आला आणि १९२४ मध्ये दिवाळ्यात निघाला. स्वतः बाल्डविन १९६१ पर्यंत जगला. जगभरच्या जहाजांवर ज्याच्या वाट्या पोहोचल्या होत्या त्याची अखेर गरिबीत झाली.

ह्या वाट्यांवर काय अवलंबून होते, त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १५ एप्रिल १९१२ च्या मध्यरात्री ‘कार्पाथिया’ जहाजावरील तरुण संदेशवाहक हॅरल्ड कॉटम दिवसाचे काम आटोपून झोपण्याच्या तयारीत कपडे उतरवीत होता. श्रवणी मात्र अजून त्याच्या डोक्यावरच होती. त्या अवस्थेत त्याला ‘टायटॅनिक’ची हाक ऐकू आली. आणखी काही मिनिटांनी त्याने ती काढून खुंटीला लावली असती, तर पुढे त्या जहाजाने नौकांतून उचलून घेतलेल्या सुमारे सातशे माणसांचे काय झाले असते?

भारतात श्रवणी घरोघर जाण्याचा योग २३ जुलै १९२७ रोजी आला. त्या दिवशी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते झाले. केंद्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट. ज्यांना निर्वात नळ्यांचे महागडे यंत्र परवडत नसे ते स्फटिकाचे यंत्र वापरीत. शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार, छपरावरून नेलेली आकाशतार आणि एक श्रवणी, इतकेच त्याचे साहित्य. त्याला विजेची पेटी लागत नसे. आकाशातून येईल तेवढ्याच शक्तीवर ते बोले. साहजिकच त्याचा आवाज मुंगीच्या पावलांनी येई, आणि श्रवणीवाचून तो ऐकू येणे अशक्यच होते. विलायतेत काही कुटुंबे श्रवणी चिनी मातीच्या वाडग्यात ठेवून सर्वांनी भोवती बसण्याची युक्ती करीत. वाडगा आवाज थोडासा एकवटून देई. आपल्या लोकांना घागरीत तोंड घालून बोलणाऱ्या मुलाची आठवण यावी, अशीच ती गोष्ट.

पूर्व खानदेशाला मात्र ह्या स्फटिकयंत्राचा लाभ नव्हता. अशा यंत्रावर मुंबई केंद्र तीसेक मैलांच्या आतच ऐकू येई, आणि जळगाव तर मुंबईहून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. त्या काळी मेहरूण हे जळगावच्या शेजारचे वेगळे खेडे होते. गोड बोरे आणि तलाव ह्यांसाठी ते पंचक्रोशीत ओळखले जाई. आज ते जळगाव शहरातच सामावून गेले आहे. पुढे १९३० मध्ये ती कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ पासून त्या खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. दरम्यान प्रक्षेपणाची शक्ती वाढली, कर्णे असलेली यंत्रे आली, आणि घरातली श्रवणी अडगळीत गेली. बाबांनी मधोमध खुर्चीवर बसावे, मुलांनी सतरंजीवर, आणि पेटीतून बातम्या सर्वांनी मिळून ऐकाव्यात, हा प्रघात पडला तो ह्यानंतर.

श्रवणी घरांतून गेली, पण नभोवाणीच्या केंद्रांतून गेली नाही. ह्याचे कारण थोडे समजावून सांगण्यासारखे आहे. निवेदकाच्या समोर ध्वनिग्राहक उघडा असतो. त्याच खोलीत जर कर्णा चालू ठेवला, तर कर्ण्याचा आवाज ग्राहकात शिरतो, तो पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो, आणि क्षणार्धात अशी किंकाळी उठते की ऐकणाऱ्याने कान झाकावे. लग्नमंडपात ही किंकाळी सर्वांनीच ऐकलेली असते. म्हणून ग्राहक उघडताच कर्णा बंद करावयाचा आणि निवेदकाने आपले काम कानावरच्या वाटीतून ऐकावयाचे, हा नियम ठरला. वाटी जर मागून उघडी असेल तर तिच्यातील तबकडीचे गाणे झिरपून ग्राहकात जाईल. तेव्हा वाटी बंदच पाहिजे. समुद्रावर बाहेरचे आत येऊ नये म्हणून बंद केलेली वाटी ध्वनिक्षेपणगृहात आतले बाहेर जाऊ नये म्हणून बंद राहिली.

गायनाच्या ध्वनिमुद्रणात तिचा प्रवेश उशिरा झाला. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून माडगूळकर आणि सुधीर फडके ह्यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, आणि वर्षभरात छप्पन्न गीते झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे गायक आणि वादक एकत्र बसत. एकमेकांना प्रत्यक्ष ऐकून गाणे उभे राही. गायकाच्या कानावर काही असण्याचे कारण नव्हते. पुढे वाद्ये एका दिवशी व गळा दुसऱ्या दिवशी मुद्रित करण्याची सोय झाली, तेव्हा गायकाच्या वाट्याला वादक उरले नाहीत; उरल्या त्या दोन बंद वाट्या आणि त्यांतून येणारा कालचा तबला. सोय पुष्कळ झाली, ह्यात शंका नाही. काय गेले, त्याचा हिशेब जुन्या मंडळींनी करावा.

१९७६ साली जळगावला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि खानदेशचे बोलणे खानदेशातूनच प्रक्षेपित होऊ लागले. ज्या मुलखाने बहिणाबाईंची गाणी दिली, जिथे अहिराणी आणि लेवा बोली घराघरांत बोलल्या जातात, त्या मुलखाचा आवाज तेथील निवेदकांनी आपल्या कानांवरच्या वाट्यांतून तोलून बाहेर सोडला. जळगावात महामार्गावरच्या चौकालाच लोक आकाशवाणी चौक म्हणतात, इतके ते केंद्र गावाच्या अंगवळणी पडले.

इकडे युरोप-अमेरिकेत वाटीचे रूप पालटत होते. बर्लिनच्या ऑयगेन बायर ह्याने १९३७ साली डीटी ४८ नावाचा हेडफोन काढला. कर्ण्याप्रमाणे गुंडाळी व पडदा असलेला, सामान्य ग्राहकाला मिळणारा हा पहिला हेडफोन. तो सत्तर वर्षांहून अधिक काळ तयार होत राहिला. यंत्रांच्या दुनियेत हे आयुष्य चिरंजीवांचेच म्हणावयाचे. १९५८ साली मिलवॉकी येथील जॉन कॉस ह्याने दोन्ही कानांना वेगवेगळा आवाज देणारा हेडफोन केवळ संगीताच्या शौकिनांसाठी बाजारात आणला. हा कॉस मूळचा वादक, आणि रुग्णालयांत दूरचित्रवाणीचे संच भाड्याने देण्याचा त्याचा धंदा होता. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने प्रथमच मागून उघड्या वाटीचा हेडफोन काढला, आणि त्याचा मोकळा, हलका आवाज लोकांना इतका आवडला की बंद वाटी आता मागे पडणार, असे वाटले.

असे वाटण्यास कारणही होते. हेडफोनचा पडदा कानाकडे जितका आवाज टाकतो तितकाच पाठीमागेही टाकतो. उघड्या वाटीत हा मागचा आवाज हवेत निघून जातो. बंद वाटीत तो जाणार कोठे? तो भिंतीवर आपटतो, परततो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. कोरड्या विहिरीत डोकावून हाक मारली म्हणजे आपलाच आवाज जसा पोकळ होऊन येतो, तसा परिणाम लहान प्रमाणात प्रत्येक बंद वाटीत घडतो. स्वस्त हेडफोनमध्ये पुरुषाचा आवाज नाकात बोलल्यासारखा किंवा रांजणातून आल्यासारखा लागतो, त्याचे मूळ ह्या विहिरीत आहे. उंची बंद हेडफोनची किंमत ज्या कारागिरीसाठी मोजावयाची, ती बव्हंशी ही विहीर बुजविण्याची कारागिरी होय. कोणी आत नमदा भरतो, कोणी वाटीचा आकार वेडावाकडा करतो, कोणी भिंत जड करतो. १९८९ साली सोनी कंपनीने एमडीआर-आर१० हा हेडफोन काढला. त्याच्या वाट्या झेल्कोवा वृक्षाच्या जुन्या लाकडातून कोरलेल्या, आणि पडदा जीवाणूंकडून तयार करविलेल्या तंतूंचा होता. किंमत अडीच हजार डॉलर! ह्याउलट त्याच कंपनीचा १९९१ सालचा एमडीआर-७५०६ हा साधा, घडी होणारा हेडफोन जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचला. दोन्ही बंदच, एक राजवाड्याचे दार, दुसरे कचेरीचे.

आता ज्या गृहस्थाला असा हेडफोन घ्यावयाचा आहे त्याने दुकानात काय पाहावे? जाहिरातीतील आकड्यांकडे प्रथम पाहू नये. वीस ते वीस हजार कंपनांचा पल्ला प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो. त्यावरून वस्तूची पारख होत नाही. वाटीच्या कडेची गादी डोक्याला सर्व बाजूंनी नीट टेकते की नाही, हे पाहावे. गादी आणि कातडी ह्यांत बोटभर फट राहिली तरी खर्जाचा आवाज तेथून निसटतो, आणि हेडफोन पातळ वाजू लागतो. चष्मा लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण चष्म्याची काडीच ही फट पाडते. दुकानात चष्मा काढून हेडफोन पाहिला आणि घरी चष्म्यासह वापरला, तर वस्तू बदलली की काय असा भास होईल. काडी बारीक असावी आणि गादी मऊ असावी, हा त्यावर तोडगा.

खानदेशात आणखी एक अडचण आहे. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. नकली कातड्याच्या गाद्या बाहेरचा आवाज चांगला अडवितात, पण घामही तितकाच अडवितात. आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांचे पापुद्रे गळू लागतात. मखमली गादी थंड राहते, परंतु तिच्यातून आवाज थोडा झिरपतो. म्हणून ज्या हेडफोनच्या गाद्या सुट्या विकत मिळतात व घरी बदलता येतात तोच घ्यावा. तारेचेही तसेच, ती खोचावयाची असेल तर तुटल्यावर बदलता येते. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास असेल तर तासभर मान दुखत नाही. पट्टी फार आवळणारी असेल तर आवाज कितीही गोड असो, ती वस्तू कपाटातच राहते. शिवाय ध्वनिमुद्रणगृहांसाठी केलेले काही हेडफोन अडीचशे ओहम रोधाचे असतात. ते भ्रमणध्वनीला जोडले तर आवाज दबलेला येतो, आणि त्यांच्यासाठी वेगळा वर्धक घ्यावा लागतो. बत्तीस ओहमच्या आसपासचा हेडफोन घरच्या उपयोगाला बरा.

परीक्षेसाठी ढोलताशांचे गाणे लावू नये. ते कशातही दणक्यात वाजते. एखाद्या ओळखीच्या गायकाची संथ चीज लावावी, तीही हळू आवाजात. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा आणि खर्ज वेगवेगळे कळतात काय? खर्ज छेडल्यावर त्याची आस हळूहळू विरत जाते, की गुबगुबीत ढगासारखी सर्वांवर पसरते? त्यानंतर केवळ बोलण्याचा एक तुकडा ऐकावा. गाण्याला साज असतो, बोलण्याला नसतो. वाटीत विहीर उरली असेल तर ती बोलण्यातच प्रथम उघडी पडते. आवाज अगदी कमी केल्यावरही शब्द स्पष्ट राहिले, तर तो हेडफोन घेण्याजोगा.

हळू आवाजाचा हा आग्रह शौकिनाचा हट्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची. आवाज तीन डेसिबलने वाढला की मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच, आणि ९२ ला आठवड्यात अडीच तास उरतात. कानाच्या शंखात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. एसटीच्या गाडीत उघड्या हेडफोनवर गाणे ऐकणारा मुलगा यंत्राच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज नव्वदीपलीकडे नेतो, आणि घरी येऊनही तो उतरवीत नाही, कारण कानाला तीच सवय लागलेली असते. बंद वाटी बाहेरचा आवाज अडविते. वरच्या पट्टीतला अधिक, इंजिनाच्या खर्जाचा बराच कमी. तेवढ्या अंतराने गाणे खाली आणता आले, तरच तिचे पैसे वसूल झाले. पुष्कळ लोक मात्र दार लावून घेतात आणि आतही ओरडतात.

दार लावून घेण्याचा दुसरा धोका रस्त्यावरचा. जळगाव जिल्ह्यातील धरणगावचे बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकापाशी रेल्वेगाडीखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांच्या कानांवर कोणतीही वाटी नव्हती. कान उघडे असतानाही रूळ कोणाची गय करीत नाहीत. मग कान बंद करून रूळ ओलांडणाऱ्यांविषयी काय बोलावे? भादली-भुसावळच्या बाजूला राहणाऱ्या आयाबहिणींना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. घरातही वाट्या लावून बसलेल्या मुलाला आजीने तीनदा हाक मारावी आणि चौथ्यांदा उठून जाऊन खांद्याला हात लावावा, हा प्रसंग आता नित्याचा झाला आहे. आजी पडली असती तर? हा प्रश्न घरोघर विचारण्यासारखा आहे.

नभोवाणीतील अनुभवी निवेदक आणि ध्वनिमुद्रणाला उभे राहणारे गायक ह्यांची एक जुनी सवय आहे. ते दोन्ही वाट्या क्वचितच पूर्ण लावतात. एक वाटी कानावर, दुसरी किंचित मागे सरकविलेली. एका कानाने यंत्रातला सूर ऐकावयाचा, दुसऱ्याने आपला स्वतःचा गळा आणि खोलीतली चाहूल. मेहरूणच्या तलावाकाठी फिरणाऱ्यांतही काही जण, रहदारीचा रस्ता ओलांडण्याची वेळ आली की, तशीच एक वाटी मागे ढकलताना दिसतात.